खिडकी तीन, खिडकी चार आणि मागची खोली

आधी हिशेब सांगतो, मग पाल्हाळ. मृत्यू दाखल्याची खिडकी: पाचपैकी चार. विवाह नोंदणी: अडीच, त्यातला अर्धा आमच्या गुरुजींमुळे कापला. जुनी नोंद शोधून देणे: व्यवस्थेला एक, माणसाला पाच. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं मध्यम शहर, पूर्वी नगरपालिका होती, आता महापालिका झालीय, पाटी बदलली आणि जिना तोच राहिला, एवढं पुरे. मला त्याच जिन्याने उद्याही चढायचंय.

माझा धंदा जेन्ट्स टेलरिंगचा. अर्धा दिवस लायनीत गेला की दोन पँटी मागे पडतात, म्हणून मी खेपा मोजून ठेवल्या आहेत. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५, एकूण तेरा. मृत्यूला दोन, लग्नाला चार आणि एका जुन्या जन्माला सात.

वडील फेब्रुवारीत गेले. घरीच, पहाटे. घरी माणूस गेला की पहिला कागद डॉक्टरचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी येऊन तपासलं आणि मृत्यूच्या कारणाचा नमुना ४-अ भरून दिला. दवाखान्यात गेले असते तर तिथूनच नमुना ४ भरून परस्पर पालिकेकडे गेला असता. डॉक्टरचा कागद दाखवल्यावर स्मशानात पावती मिळाली, आणि ती पावती धाकट्या भावाच्या शर्टाच्या खिशात राहून शर्ट भिजत पडला होता. भावजयीने खिसे चाचपले म्हणून वाचली. तिला पण स्टार द्यायला हवेत.

नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. दहावं, बारावं, तेरावं, मग पाहुण्यांची रीघ, यात ते दिवस कधी सरतात कळत नाही. मी चौदाव्या दिवशी गेलो. खिडकी तीनवर माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी होती. तिने सगळं टाईप केलं आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. "काका, नावं नीट वाचून घ्या. मराठीतलं पण, इंग्रजीतलं पण. एकदा साहेबांची सही झाली की मग कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज, पुरावे, सगळं आलं." मी शर्टाचं कापड कापायच्या आधी गिऱ्हाईकाचा गळा परत मोजतो, तसंच झालं हे. वडिलांच्या नावात 'ज्ञ' आहे. आधारवर ते 'डीएन'ने लिहिलंय, बँकेत 'जीवाय'ने. आम्ही आधारचं धरलं. वयही आधारवरूनच: जन्मतारीख १ जून १९४६, म्हणून वय ७८.

तिसऱ्या दिवशी दाखला हातात. क्यूआर कोड असलेला, स्वच्छ. नोंद देणाऱ्याला पहिली प्रत फुकट असते, जादा प्रतींना थोडी फी. मी एकदम आठ मागितल्या तेव्हा मागचे गृहस्थ म्हणाले, "एवढ्या कशाला?" बँका दोन, एलआयसी, लाईटचं मीटर, घरपट्टी, गॅस, सोसायटी. आता एकच शिल्लक आहे. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते: दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत. रजिस्टरला असतं, पण नक्कल देताना ते द्यायचं नाही असा कायदाच आहे. विमावाल्याने "यात कारण कुठाय?" म्हणून विचारलं तर खिडकीवर भांडायला जाऊ नका, डॉक्टरचा कागद वेगळा जोडा. मी भांडायला जाणार होतो.

एक स्टार कापला तो सर्व्हरपायी. माझी पहिली खेप पूर्ण वाया गेली नाही, पण साडेदहा ते दीड बाकावर बसून काढले, कारण 'लिंक नव्हती'. लिंक नाही हे सांगणारा कागद कुणी खिडकीवर चिकटवला असता तर खालच्या टपरीवर चहा तरी झाला असता. प्रत्येक नवा माणूस येऊन तेच विचारतो, ती मुलगी चाळीसदा तेच उत्तर देते.

बाकावर शेजारी एक आजी होत्या. त्यांच्या मुलीचं बाळंतपण इथे झालं, नातीची नोंद झाली, पण नाव घालायचं राहिलं होतं. बारसं लांबलं म्हणे. ते बारा महिन्यांच्या आत घातलं तर काही द्यावं लागत नाही, पुढे विलंब शुल्क. आमच्या पिढीला हे दाखले शोभेचे होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना मात्र शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच कागद चालणार आहे, तेव्हा बारसं लांबलं तरी पालिकेतलं लांबवू नका. आणि नोंदच वर्षभर राहून गेली असेल तर प्रकरण पालिकेच्या हातातून सुटतं, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ च्या सुरुवातीला तर राज्यात असल्या उशिराच्या जन्मनोंदींचं काम काही काळ थांबवलंच होतं, नंतर कडक नियम करून सुरू केलं. त्यात अडकलेला एक माणूस मला जिन्यात भेटला होता. त्याची फाईल माझ्या कापडाच्या तागाएवढी जाड होती.

खिडकी चार. पुतण्याचं लग्न डिसेंबरात झालं, त्याला कंपनी नेदरलँड्सला पाठवत होती, बायकोच्या व्हिसाला विवाह प्रमाणपत्र हवं. नव्वद दिवसांत नोंदवलं तर विलंबाचं लागत नाही, म्हणून वडिलांचं तेरावं उरकताच मागे लागलो. नवरा, नवरी, तीन साक्षीदार, सगळे प्रत्यक्ष हजर. नमुना 'ड'चा अर्ज, त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, सगळ्यांचे राहण्याचे आणि वयाचे पुरावे. यातलं काहीही अवघड नाही. अवघड हे की ते एका वेळी सांगत नाहीत. पहिल्या खेपेला साक्षीदाराच्या पुराव्याची झेरॉक्स राहिली. ती दिली तर दुसऱ्या खेपेला कळलं की नवरीचा माहेरच्या नावाचा पुरावा हवा. काही गिऱ्हाइकं ट्रायलला येतात, बाही ठीक करून दिली की कॉलर काढतात, कॉलर झाली की उंची. ती मला परवडतात, कारण मी मालक आहे. इथे पुण्याहून रजा टाकून आलेली दोन पोरं उभी होती.

तिसरी खेप गुरुजींची. लग्न लावणाऱ्याची सही अर्जावर लागते, आणि आमचे गुरुजी नरसोबाच्या वाडीला गेले होते. आले ते दुसऱ्या दिवशी, मोपेडवरून, सोवळ्याची पिशवी हँडलला लटकवून, आणि जिन्यातच सही केली. मग मला म्हणाले, "लग्नाच्या दिवशीच अर्ज मांडवात आणत जा हो, अक्षता पडल्या की मी लगेच सही करतो." इतका साधा उपाय मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितला नव्हता. तुम्ही ऐका त्यांचं. चौथ्या खेपेला प्रमाणपत्र मिळालं, पोरं गेली.

आता मागची खोली.

मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही शिंपी, ओबीसीत येतो. पुढच्या प्रवेशाला जात पडताळणी लागते आणि पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा. वडिलांचा शाळेचा दाखला आहे, पण त्यात जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहून मास्तर मोकळे झालेत. असं पुष्कळांचं आहे. उरली पालिकेतली जन्मनोंद. जुन्या नोंदींत बापाच्या नावापुढे जात लिहीत.

खिडकीवर अर्ज दिला. जूनचं रजिस्टर काढून बघितलं, नोंद नाही. जुलै नाही, मे नाही. तिसऱ्या खेपेला बाबू म्हणाला, "नमुना १० देतो तुम्हाला. नोंद आढळत नाही म्हणून प्रमाणपत्र. ते लावा फाईलला." चांगल्या मनाने म्हणाला, पण तो कागद घेतला की आमचा दरवाजा बंद. बाहेर टाईपरायटरच्या टेबलाशी एक जण उभा असतो, त्याने अडीच हजारात 'काढून देतो' सांगितलं. कुठून काढून देणार, हे मी विचारलं नाही. नसलेली नोंद काढून देणाऱ्यांपायीच तो जिन्यातला माणूस जाड फाईल घेऊन फिरतोय.

एक केलं. अर्जाची पोच मागून घेतली, तारीख आणि शिक्क्यासकट. भिंतीवर लोकसेवा हक्क अधिनियमाचा फलक आहे, २०१५ चा कायदा, कुठली सेवा किती दिवसांत आणि अपील कुणाकडे ते लिहिलेलं. त्यापुढे कपाट उभं केल्यामुळे अर्धाच दिसतो. पण 'लोकसेवा हक्काखाली अर्ज घ्या आणि पोच द्या' एवढं सरळ आवाजात म्हटलं की बाबू कपाटाकडे बघतो आणि शिक्का शोधतो. कसूर ठरली तर संबंधिताला पाचशे ते पाच हजार दंड आहे, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

चौथ्या खेपेला मला शिपाईमामांकडे पाठवलं. जिन्यामागची खोली, वर एक झरोका, लोखंडी मांडण्या आणि डांबरगोळ्यांचा वास. रजिस्टरं लाल रुमालांत बांधलेली. मी आधी कापडच बघितलं, सवय. जाडाभरडा तांबडा खारवा, असलं कापड आता बाजारात बघायला मिळत नाही. काही रुमाल नवे होते, ते पॉलिस्टर मिक्सचे, गाठ बसत नाही त्यांची. जुन्यांच्या कडा टीप न मारल्याने उसवत गेलेल्या, पण गाठी घट्ट. मामांनी विचारलं, "काय बघताय?" म्हटलं, "कड दुमडून शिलाई मारायला हवी होती." ते म्हणाले, "साठ वर्षांपूर्वी यायचं होतंत."

मग त्यांनी तारीख विचारली. एक जून म्हणताच ते हसले. "ती मास्तरांची तारीख. शाळा जूनला उघडायची, पोराला आणून उभं केलं की मास्तर डोक्यापासून पायापर्यंत बघायचा आणि एक जून टाकून वय बसवायचा. माझी पण एक जूनच आहे. सरकारनं मला पण एक जूनच्याच हिशेबानं रिटायर करायचं ठरवलंय. खरी तारीख कोण सांगंल तुमच्यात?"

हा प्रश्न खिडकीवर तीन खेपांत कुणी विचारला नव्हता. माझ्याही डोक्यात आला नव्हता. आपल्या घरात दर वर्षी एक जूनला शिरा होतो, म्हणजे जन्म एक जूनचा, एवढंच आपल्याला ठाऊक.

रात्री आत्याला फोन लावला. वडिलांची थोरली बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची, कानाला कमी, डोक्याला नाही. आधी म्हणाली तारीख-बिरीख काय कळत नाही. मग म्हणाली, "मुंबईला गोदीत बोट फुटली ना रे, त्या साली. आमचा चुलता मुंबईत होता, महिनाभर त्याचं पत्र नव्हतं, आई गरवार होती आणि रडायची. मग पत्र आलं. हा त्यानंतर झाला, शाळू पेरायच्या दिवसात." तिला विचारलं, इथेच झाला का आजीच्या माहेरी? "पहिली दोन माहेरी. हा तिसरा, इथंच, माजघरात." हे विचारणं महत्त्वाचं, कारण नोंद जिथे जन्म झाला तिथल्या दफ्तरात असते. आमच्यापैकी निम्म्यांच्या नोंदी आजोळच्या गावात गाव नमुना नंबर १४ मध्ये पडलेल्या असतात आणि आपण शहरातल्या पालिकेशी भांडत बसतो.

गोदीचा स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. शाळूची पेरणी म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. पाचव्या खेपेला मामांनी १९४४ चा रुमाल सोडला. एक वर्ष आणि आठ महिन्यांनी चुकीच्या जागी शोधत होतो आम्ही.

त्या सालच्या रजिस्टरात दोन हातांचं लिखाण आहे. एक कारकून बाळबोधीत लिहायचा, दुसरा मोडीत, आणि शाळूच्या दिवसांत ड्यूटी मोडीवाल्याची. मला एक अक्षर लागलं नाही, पण हात कळला. मोडीवाला आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, लेखणी न उचलता. आम्ही खडूने रेघ मारून तिच्याखाली धावदोरा घालतो तसंच. ओळ संपली तिथेच दोरा तुटलेला. मामांना आकडे आणि नेहमीचे शब्द ओळखू येतात. त्यांनी बोट ठेवून ठेवून सप्टेंबर संपवला, ऑक्टोबरच्या पहिल्या पानावर थांबले आणि म्हणाले, "हे बघा, शिंपी."

आमच्या पेठेत एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना मोडी येते. सहाव्या खेपेला त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून, नाक पानाला लावून वाचलं. तारीख ३ ऑक्टोबर १९४४. मुलगा. नाव नाही, बारशाच्या आधीची नोंद असल्याने तेव्हाच्या बहुतेकांचं नसतंच. बापाचं नाव, आजोबांचं. जात शिंपी. धंदा शिवणकाम. पेठ आमचीच. खबर देणार, पुन्हा आजोबा, आणि त्यापुढे त्यांची स्वतःची सही, कारकुनापेक्षा जाड टोकाने. मी आजोबांना पाहिलेलं नाही. फोटोही नाही. दुकानातल्या जुन्या मशीनच्या लाकडी फळीवर त्यांच्या कोपराने पडलेला खड्डा आहे म्हणतात, तेवढंच होतं. मामा चहा आणायला गेले, मास्तरांनी दुसरं पान उलटलं, मी त्या सहीकडे बघत बसलो. फोटो काढू दिला नाही. नियम आहे, आणि मामांनी तो माझ्यासाठी मोडला नाही हे मला आवडलं.

साक्षांकित नक्कल एकोणीस दिवसांनी मिळाली. फलकावर तीन लिहिलंय, कपाटामागे. सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली होती, नवे यायचे होते. पडताळणीला मोडीची प्रत तशीच चालत नाही, अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून जोडावं लागतं, ते मास्तरांनी ओळखीच्या माणसाकडून करून दिलं. मुलाचं नाव नोंदीत नाही आणि शाळेची तारीख वेगळी, म्हणून वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र. त्यात 'शाळेतली तारीख अंदाजे लावलेली आहे' हे वाक्य वकिलांनी घातलं. फाईल समितीकडे गेलीय.

व्यवस्थेला एकच स्टार का, तर हे सगळं स्कॅन झालेलं आहे. मला नंतर कळलं. खिडकीवरच्या कॉम्प्युटरात १९४४ ची सगळी पानं आहेत. पण फाईलला नाव फक्त सालाचं, आत ना नावाची सूची ना पेठेची. पान उलटायच्या ऐवजी माऊस फिरवायचा, एवढीच प्रगती. आणि मोडी तिथे वाचणार कोण? मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, एक जूनच्या हिशेबाने. त्यांच्याजागी येणाऱ्याने 'एक जून' ऐकून हसलं पाहिजे, ही पात्रता कुठल्या जाहिरातीत लिहिणार.

जुनी नोंद काढायला जाणाऱ्याने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी फोन करावा. तारीख नको, साल नको. कुठला पूर, कुठली साथ, कुणाचं लग्न, शेतात काय होतं, हे विचारा.

नक्कल घरी आणली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. वाचून दाखवली. ती ताट खाली ठेवून बोटांवर मोजत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "म्हणजे ऐंशी भरली होती की त्यांची."

भरली होती. वर चार महिने.

"सहस्रचंद्रदर्शन करायला हवं होतं," ती म्हणाली. शेजारच्या जोश्यांकडे झालं तेव्हा हे दोघं जेवायला गेले होते आणि आपलं दोन वर्षांनी म्हणून हिशेब लावून आले होते. मी गप्प. तिने विचारलं, "दाखल्यावर अठ्ठ्याहत्तर लिहिलंय, ते बदलून देतील का?"

म्हटलं, कलम १५ चा अर्ज. मग आधार, बँक, एलआयसी, सगळीकडे वेगळं पडेल.

"किती खेपा?"

"चार-पाच."

तिने ताट परत मांडीवर घेतलं.

"राहू दे," म्हणाली. "त्या पँटी शिव आधी."